गरम पाण्याकाठचा मुक्काम

कोकणचा नकाशा पसरून बसलात तर काही गावांची नावं सख्ख्या बहिणींसारखी वाटतील. पालीजवळचं उन्हेरे, दापोली तालुक्यातलं उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे. या नावांतलं ऊन डोक्यावरचं नव्हे. ‘न्हाणीत ऊन पाणी काढलंय, चल लवकर’ अशी हाक आपल्या आज्या मारत, त्यातलं हे ऊन. या गावांत जमिनीतून आपसूक गरम पाणी येतं. चूल नको, बंब नको, गिझरचं बिल तर नकोच नको.

आपल्या ठाणे जिल्ह्यालाही हे दान मिळालेलं आहे. भिवंडीहून वाड्याच्या रस्त्यानं अंबाडीपर्यंत जायचं, तिथून डावीकडे वळलं की तानसा नदीच्या आसपास वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही गावं लागतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा सातिवली-कोकनेरकडची कुंडं त्या जिल्ह्यात गेली. ही मात्र भिवंडी तालुक्याबरोबर आपल्याकडेच राहिली. वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजी आप्पांच्या नवसाचं. वसई सर झाली तर देवीला देऊळ बांधीन असं ते बोलले आणि १७३९ साली वसई सर झाली. देवीनं मारलेल्या राक्षसांचं रक्त म्हणजे हे गरम पाणी, अशी कथा तिथं सांगतात. कथेला काही कोणी पुरावा मागू नये. पण पाणी खरोखर कशानं तापतं, हे जाणून घ्यायला हरकत नाही, कारण पुढे मी ज्या मुक्कामाबद्दल बोलणार आहे त्याची सगळी मदार या पाण्यावरच आहे.

पुष्कळांची समजूत असते की गरम झरा म्हणजे खाली ज्वालामुखी असणार. कोकणात जिवंत ज्वालामुखी नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्ह्याचाच आहे, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि कधीच निवाला. इथं होतं ते असं. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून मुरत मुरत खूप खोल जातं. जमिनीत दर किलोमीटर खाली गेलं की तापमान साधारण पंचवीस-तीस अंशांनी वाढतं. तेव्हा दोन-अडीच किलोमीटर खाली गेलेलं पाणी चांगलंच तापून निघतं, आणि एखादी मोठी भेग सापडली की दाबाखाली पुन्हा वर येतं. कोकणपट्टीत अशा भेगा उत्तर-दक्षिण रांगेनं आहेत. म्हणून पालघरपासून राजापूरपर्यंत हे झरे एका ओळीत मांडल्यासारखे दिसतात. अठरा-एक ठिकाणी मिळून साठेक झरे भूवैज्ञानिकांनी मोजले आहेत आणि त्यांचं तापमान कुठं पस्तीस अंश, तर कुठं सत्तरच्या घरात आहे. वर येताना पाणी खडकांतले क्षार बरोबर घेऊन येतं. आपण अकलोलीच्या कुंडात पाय सोडून बसतो तेव्हा आपल्या गुडघ्याला लागणारं पाणी बऱ्याच जुन्या पावसाळ्यातलं असतं. मला स्वतःला हे राक्षसाच्या रक्ताइतकंच अद्भुत वाटतं.

जपानमध्ये मात्र ज्वालामुखी शंभराहून अधिक, आणि गरम पाण्याचे उगम सत्तावीस हजारांच्या वर. झऱ्याला तिकडे ‘ओन्सेन’ म्हणतात. ओन्सेन कशाला म्हणायचं याचा १९४८ सालचा कायदा आहे. उगमापाशी पाणी निदान पंचवीस अंश तरी हवं, किंवा त्यात ठरावीक खनिजं तरी हवीत. या झऱ्यांकाठी प्रवाशांसाठी जी जुन्या धाटणीची घरं उभी राहिली, त्यांना ‘र्‍योकान’ म्हणतात. उच्चाराला जरा जड आहे, पण ‘र्‍यो’ म्हणजे प्रवास एवढं लक्षात ठेवलं की पुरे. यामानाशी प्रांतात निशियामा ओन्सेन केइउनकान नावाची अशी एक पांथशाळा आहे. ती इसवी सन ७०५ मध्ये सुरू झाली म्हणतात, आणि जगातलं सर्वांत जुनं हॉटेल म्हणून गिनेसच्या पुस्तकात तिची नोंद आहे. आपल्याकडे ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्याच्या जवळजवळ सहाशे वर्षं आधी तिथं कुणीतरी पहिल्या पाहुण्याला अंथरूण घालून दिलं होतं.

आता आमच्या मुक्कामाकडे येतो. गेल्या हिवाळ्यात माझ्या पत्नीचे गुडघे फारच कुरकुर करू लागले. कल्याणच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, शेकायला सांगितलं. शेकायचंच तर अकलोलीला जाऊ, दोन रात्री राहू, असं तिनं ठरवलं. आमच्या घरात ठराव ती मांडते, अनुमोदन मी देतो. एका राहण्याच्या ठिकाणाची जाहिरात आमच्या पाहण्यात आली होती. नाव सांगत नाही, आणि नावाला तसं महत्त्वही नाही, कारण असली ठिकाणं आता जागोजाग आहेत. जाहिरातीत जुना वाडा, शेणानं सारवलेली जमीन, तांब्याचा बंब, पत्रावळीवरचं जेवण आणि ‘खोलीतच नैसर्गिक कुंडाचं पाणी’ असं सगळं होतं. ‘पारंपरिक पाहुणचार’ हे शब्द तर तीन वेळा आले होते.

पोचलो. वाडा होता, म्हणजे सिमेंटच्या इमारतीला पुढून लाकडी खांब लावले होते. जमीन शेणाच्या रंगाच्या फरशीची होती. तांब्याचा बंब दारात पितांबरीनं घासून ठेवलेला, आणि त्याच्या आत झेंडूची रोपं. कुंडाचं पाणी टाकीत आणून भरलेलं होतं, ते नळापर्यंत येईतो कोमटही उरत नव्हतं. मग न्हाणीघरात गिझर होताच. म्हणजे कल्याणला जो गिझर लावून आम्ही आंघोळ करतो, तोच गिझर लावण्यासाठी आम्ही भिवंडीचं ट्रॅफिक पार करून आलो होतो. जेवणाला पत्रावळ होती, कागदाची. त्यावर पनीरची भाजी, कुठल्याशा पाकिटातल्या मसाल्याची. पत्नीनं वाढणाऱ्या मुलाला विचारलं, ‘बाळा, भाकरी नाही का रे?’ तो म्हणाला, ‘काकू, भाकरीची ऑर्डर आदल्या दिवशी द्यायला लागते.’ आदल्या दिवशी आम्ही फोन केला होता. त्या वेळी कुणी काही विचारलं नव्हतं.

एवढ्यावर मी लेख लिहिला नसता. कवी माणूस, कविसंमेलनांच्या निमित्तानं मी अशा अशा ठिकाणी झोपलो आहे की गिझर म्हणजे चैन. शाळेच्या वर्गात बाकं जोडून झोपलो आहे, साखर कारखान्याच्या विश्रामगृहात झोपलो आहे. लहानपणी खालाबरोबर मलंगगडाच्या उरुसाला गेलो की चढणीवरच्या एखाद्या खोपटात चटईवर झोपायचो. रात्री थंडी वाजली तर त्या घरची बाई स्वतःची गोधडी काढून द्यायची. तिथं काहीच नव्हतं, पण काहीतरी कमी पडलं असं वाटल्याचं आठवत नाही. इथं गादी जाड होती, पंखा होता, टीव्ही होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नी म्हणाली, ‘अहो, दोन रात्रींचे पैसे दिलेत तरी आजच निघू या.’ असं का व्हावं, हे मला शोधावंसं वाटलं.

योगायोग असा की त्याच महिन्यात माझ्या भाच्याचा जपानहून फोन आला. तो डोंबिवलीत वाढला, आता कॉम्प्युटरच्या कामावर तोक्योत आहे. निशी-कासाई नावाच्या भागात राहतो. त्या भागात भारतीयांची एवढी वस्ती आहे की तिथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभागृहावर २०१९ साली योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून आला. तर भाचा सांगत होता, ‘मामू, आम्ही दोघं हाकोनेच्या बाजूला र्‍योकानमध्ये राहायला गेलो. महिन्याच्या भाड्यातला मोठा तुकडा गेला, आणि उपाशी झोपलो.’

त्याची हकिकत अशी. ऑफिसातून निघायला उशीर झाला आणि दोघं आठ वाजता पोचले. दारात किमोनो घातलेल्या बाईंनी अगदी जमिनीला टेकून स्वागत केलं, बूट काढून घेतले, पण जेवणाची वेळ सहाची होती आणि स्वयंपाकघर बंद झालं होतं. तरी त्यांनी जे काढून ठेवलं होतं ते आणून मांडलं. बारा-तेरा इवल्या वाट्या, प्रत्येकीत एक घास. मासे आम्हाला चालतात, तो प्रश्न नव्हता. पण त्यांच्या बहुतेक रश्शांत मिरिन असतं. ही तांदळाची गोड दारू. शिवाय एका वाटीत डुकराचं मांस. यानं चौकशी केल्यावर त्या बाईंना इतकं वाईट वाटलं की त्या माफी मागत राहिल्या. यालाच मग त्यांची समजूत घालावी लागली. शेवटी दोघांनी पांढरा भात आणि लोणचं खाल्लं. गादी पातळ, जमिनीवर अंथरलेली. आणि स्नान सामुदायिक, पुरुषांचं वेगळं, बायकांचं वेगळं, पण अंगावर सुताचा धागा चालत नाही. आमच्या घरात वाढलेला मुलगा. तो रात्री दोन वाजता, कुणी नसेल अशा बेतानं गेला. आत एक म्हातारे गृहस्थ आधीच बसले होते. त्यांनी मान लववून नमस्कार केला. भाचा तसाच मागे फिरला.

हसून झाल्यावर मी त्याला खोदून खोदून विचारलं, मग काही वाचलंही. र्‍योकानचे हे सगळे नियम आपल्याला जाचक वाटतात, पण त्यांच्या मागे एक हिशेब आहे. तिथं भाडं खोलीचं नसतं, माणशी असतं, आणि त्यात एक रात्र व दोन जेवणं धरलेली असतात. सकाळी बाजारात जाणारा स्वयंपाकी माणसं मोजून मासे आणतो. आपल्याकडे खानावळीत मालक विचारतो ना, ‘आज किती पानं?’ तेच हे. संध्याकाळी जी बाई खोलीत जेवण वाढते, तीच जेवणं आटोपली की बैठं मेज बाजूला करून कपाटातली गादी काढते आणि अंथरूण घालते. जेवण लांबलं तर अंथरूण लांबतं आणि अंथरूण लांबलं तर तिची पहाटेची न्याहारी लांबते. म्हणून सहा म्हणजे सहा.

एकच खोली सकाळी बैठकीची, संध्याकाळी जेवणाची, रात्री निजण्याची, हे ऐकून पाश्चात्त्य पाहुण्यांना नवल वाटतं. डोंबिवलीकरांना का वाटावं? दहा बाय बाराच्या खोलीत आपली निम्मी पिढी अशीच वाढली. रात्री वळकट्या सोडायच्या, सकाळी गुंडाळून कॉटखाली सरकवायच्या, आणि त्याच जागी पाट मांडायचे. फरक एवढाच, की आपण त्याला अडचण म्हटलं आणि फ्लॅट मिळताच विसरलो. जपान्यांनी त्याची रीत बांधली आणि तिचे पैसे घेतले.

स्नानाचं तसंच. तिथं टाक्यात उतरण्याआधी बाहेर स्टुलावर बसून साबण लावून, घासून, पूर्ण स्वच्छ व्हावं लागतं. टाकं अंग धुण्यासाठी नसतं, शेकण्यासाठी असतं. तेच पाणी पन्नास माणसं वापरणार, तर त्यात कुणाचा मळ जाऊ नये. आता अकलोलीचं कुंड डोळ्यांपुढे आणा. साबण लावू नये अशी विनंती करावी लागते आणि शाम्पूच्या पुड्या तरीही तरंगताना दिसतात. जमिनीखालून एवढा प्रवास करून वर आलेल्या पाण्याला आपण पहिली भेट देतो ती रुपयाच्या पुडीची. इथं मात्र मी जपान्यांच्या बाजूचा आहे, भाच्याची अडचण कळत असूनसुद्धा.

तर दोन्ही मुक्काम फसले, पण दोन्हीकडे कारण अगदी उलटं होतं. भाच्याला मिळालं ते सगळं खरं होतं, फक्त ते काय आहे हे त्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला सगळं आधी सांगितलं होतं, त्यातलं काही खरं नव्हतं. भाच्याचा त्रास एका पत्रानं मिटण्यासारखा आहे. आमचा मिटायचा तर त्या वाड्यात कुणीतरी राहायला हवं. कारण तिथं यजमानच नव्हता. मालक दुसऱ्या गावी, व्यवस्थापक फोनवर, आणि समोर एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. त्याला त्या गावात गरम पाणी का येतं हेही माहीत नव्हतं, कारण तोही आठ दिवसांपूर्वीच कामावर लागला होता.

यजमान ही वस्तू आपल्या भागाला नवी नाही. कल्याण हे फार जुनं बंदर. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे शिलालेख आहेत. इथं उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून नाणेघाटानं जुन्नरकडे चढायचा. त्या घाटात सातवाहनांच्या काळची लेणी आहेत आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. चढून दमलेला व्यापारी तिथं टेकत असणार, पाणी पीत असणार. जवळच जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. म्हणजे छप्पर, पाणी आणि पैसे देण्याची जागा, तिन्ही एका ठिकाणी. पुढे शेरशहानं (त्याचं राज्य १५४० ते १५४५, उणीपुरी पाच वर्षं) हमरस्त्यांवर सराया बांधल्या आणि हिंदू-मुसलमान प्रवाशांची वेगवेगळी सोय लावून दिली. १८५४ साली रेल्वे कल्याणला पोचली आणि मुक्कामाची गरजच आटली. आता कल्याण जंक्शनवर माणसं रात्र काढतात ती गाडी चुकली म्हणून.

आपल्या धर्मशाळांत प्रवासी आपला शिधा आपण शिजवायचा. जपानातही गरिबांसाठी अगदी तशीच सोय होती, ‘किचिन-यादो’ नावाची. तिथं भाडं असायचं सरपणाचं, तांदूळ ज्याचे त्यानं आणायचे. माझे आजोबा हजला गेले ते मुंबईहून बोटीनं. बोटीची वाट पाहत ते क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात राहिले होते. घरून नेलेल्या पिठाच्या दशम्या, आणि शेजारच्या खोलीतल्या अनोळखी कुटुंबानं पाठवलेली डाळ, एवढंच ते सांगायचे. १९९५नंतर ती बोटीची वाट बंद झाली.

पाहुणा किती दिवस पाहुणा, याबाबत मात्र सगळ्यांचं एकमत दिसतं. पाहुणचार तीन दिवसांचा, त्यापुढचं ते दान, असं पैगंबरांचं वचन आम्हाला लहानपणी सांगत. शेजारच्या काकू म्हणत, ‘एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी अक्कल गेली.’ दोन्हींतला सूर निराळा, हिशेब एकच.

पण या इतिहासातली एक गोष्ट गोड नाही. दार कुणाला उघडायचं, हा प्रश्न प्रत्येक धर्मशाळेच्या उंबऱ्यावर बसलेला होता. अमुक ज्ञातीसाठी, तमुक समाजासाठी, अशा पाट्या आजही काही दारांवर आहेत. वारीला जाणाऱ्या अस्पृश्यांना पंढरपुरात पाठ टेकायला जागा मिळत नसे. म्हणून गाडगेबाबांनी चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा उभी केली आणि पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती दिली. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांनी ठराव मांडला. त्यात सार्वजनिक पाणवठे, विहिरी यांच्या जोडीला ‘धर्मशाळा’ हा शब्द मुद्दाम घातलेला आहे. सरकारी पैशातून बांधलेल्या धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असं त्यांचं म्हणणं. ठराव मंजूर झाला. अंमलबजावणी कशी झाली ते १९२७ साली महाडला दिसलं. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात हे अधिक स्पष्टपणे आलं. धर्म, जात, लिंग यांवरून कुणालाही दुकानात, उपाहारगृहात, हॉटेलात जाण्यापासून, किंवा सार्वजनिक विहीर, तलाव, स्नानघाट वापरण्यापासून अडवता येणार नाही. घटना लिहिणाऱ्यांना स्नानघाट आठवावा लागला, यातच सगळं आलं.

जपानच्या १९४८च्या र्‍योकान कायद्यातही असंच कलम होतं. जागा असेल तर यजमानानं पाहुण्याला परत पाठवायचं नाही. साथीचा रोग, जुगार अशी मोजकी कारणं सोडून. २०२३ साली त्यात दुरुस्ती झाली, कारण काही पाहुणे कर्मचाऱ्यांना फारच छळू लागले होते. म्हणजे छळ दोन्ही बाजूंनी होऊ शकतो, हेही खरं.

त्या वाड्यात आम्हाला कुणी अडवलं नाही. हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. फोनवरून नाव सांगितलं तेव्हा तिकडून क्षणभर काही आवाज आला नाही, एवढंच. मग ते गृहस्थ म्हणाले, ‘तुम्ही मराठी किती छान बोलता!’ गेली तीस वर्षं मी मराठीत कविता लिहितो, माझ्या आईची अंगाईसुद्धा याच जिल्ह्यातल्या बोलीतली. तरी हे कौतुक मला वर्षातून चार-पाचदा स्वीकारावं लागतं, आणि मी ते ‘धन्यवाद’ म्हणून स्वीकारतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कुंडाकडे निघालो, तेव्हा तो मुलगा चुळबुळत म्हणाला, ‘काका, तुम्ही पण कुंडावर जाणार?’ त्याच्या प्रश्नात वाईटपणा नव्हता. त्याला उत्तर माहीत नव्हतं आणि ते शिकवायला त्याच्याजवळ कुणी नव्हतं. पत्नीनं त्याला सांगितलं, ‘माझे गुडघे दुखतात रे, पाण्याला काय त्याचं?’ तो ओशाळून हसला आणि आम्हाला जवळची वाट दाखवायला निम्म्यापर्यंत आला. त्या मुक्कामातला खरा पाहुणचार म्हणायचा तर तो तेवढा पाऊण फर्लांग.

कुंडावर मात्र कुणी नाव विचारलं नाही. एका आजींनी पत्नीला सरकून जागा दिली. कुठल्या कुंडाचं पाणी सोसवतं, कुठल्याचं नाही ते सांगितलं. पहिल्यांदा पाय घोट्यापर्यंत, मग पोटऱ्या, मग गुडघे, अशी रीत शिकवली. त्या आजी दर वर्षी भिवंडीकडून येतात. त्यांची पद्धत बरोबरच होती. शरीराला एकदम उष्णता दिली की रक्तदाब खाली जातो, भोवळ येते. सलग दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसू नये, अधूनमधून पाणी प्यावं, आणि हृदयाचा किंवा रक्तदाबाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. गुडघ्याचा आजार या पाण्यानं बरा होतो असं मी म्हणणार नाही. शेक मिळाला की स्नायू सैलावतात, दुखणं काही काळ हलकं होतं, एवढं नक्की. जायचं तर सकाळी लवकर, आणि पावसाळा टाळून. तानसेला पूर आला की नदीपात्रातली कुंडं पाण्याखाली जातात.

राहायचं असेल तर काय विचारून घ्यावं, हे मला बरेच जण विचारतात. फोन करून विचारा की तिथं रात्री कोण राहतं. मालक किंवा त्याच्या घरचं कुणी राहत असेल तर बाकीच्या गोष्टी बहुधा सुधारता येतात. मग जेवण कोण करतं आणि भाकरी हवी असेल तर कधी सांगायचं, ते विचारा. पाणी कुंडातून येतं की टाकीतून, हेही. आपल्या खाण्याच्या अडचणी आपण होऊन सांगाव्यात, त्यात संकोच नको. भाच्यानं दुसऱ्या खेपेला जपानीत चिठ्ठी लिहून आठ दिवस आधी पाठवली. काय चालतं, काय नाही, किती वाजता पोचू. तिथल्या स्वयंपाक्यानं मिरिन वगळून जेवण केलं, आणि प्रत्येक वाटीत काय आहे ते कागदावर लिहून ठेवलं. स्नानाचं विचाराल तर त्यांनी तासाभरासाठी कुटुंबापुरतं वेगळं टाकं दिलं. अशी सोय पुष्कळ ठिकाणी असते, त्याला पहिल्या खेपेला माहीत नव्हती.

जपानातही ही घरं झपाट्यानं कमी होत आहेत. १९८०च्या सुमारास ऐंशी हजारांच्या वर होती, २०१०च्या दशकात ती निम्म्यावर आली. मुलं शहरात जातात आणि पहाटे उठून पन्नास जणांची न्याहारी करायला कुणी उरत नाही. त्या १३०० वर्षांच्या केइउनकानलाही घरचा वारस मिळाला नाही. २०१७ साली तिची सूत्रं तिथंच वर्षानुवर्षं काम केलेल्या व्यवस्थापकाकडे गेली. आपल्याकडे २०२० साली राज्य सरकारनं कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, शेतकऱ्यांनी घरात पाहुणे ठेवावेत म्हणून. वाडा-शहापूरकडे काही घरं चांगली चालली आहेत, घरची बाई स्वतः वाढते अशी. पत्नीनं त्यातल्या एका घराचा नंबर त्या कुंडावरच्या आजींकडून मिळवला आहे. त्यांची अट एकच आहे, किती पानं ते आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवायचं.